पहिलं पाणी

भर पावसात झाडाला पाणी घालणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. २०२२चा जुलै, महिन्यातला पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा. उपासना संपली, चहा झाला, सगळ्यांना सलाम करून मी रिक्षात बसले आणि चिंचवड स्टेशनाच्या अलीकडे थेंब पडायला लागल्यावर लक्षात आलं की छत्री शेवटच्या बाकाखालीच राहिली. रिक्षावाल्याची बोलणी खात परत फिरले. चर्च रिकामं. छत्री घेतली आणि निघणार तेवढ्यात मागच्या पत्र्याच्या शेडमधून किणकिण ऐकू आली, बांगड्यांची असते तशी, पण न थांबणारी. जाऊन बघते तर बाई, आमच्या चर्चच्या कमिटीतल्या. पदर खोचलेला, प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसलेल्या, पुढे दोन टब आणि प्रभुभोजनाचे सगळे काचेचे प्याले. एकट्याच. प्रत्येक प्याल्यात थोडं थोडं पाणी घालायचं, अंगठ्याने फिरवायचं आणि ते फिकट तांबूस पाणी एका स्टीलच्या पातेल्यात ओतायचं. पातेलं भरत आलं तशा गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि त्या धो-धो पावसात मागच्या बदामाच्या झाडापर्यंत चालत जाऊन त्यांनी ते पाणी मुळाशी घातलं. दोन हातांवर मोरी होती. परत आल्या तेव्हा खांदे भिजलेले. मला बघून म्हणाल्या, ‘‘काय गं, छत्री ना? मी बघितली होती. सेक्रेटरींकडे देणार होते.’’

त्या प्याल्यांच्या विरोधात कमिटीत फक्त दोन मतं पडली होती. त्यातलं एक बाईंचं.

आणि प्याले आणा असा ठराव मांडणारी मी. कोविडमध्ये चर्च बंद झालं, मग २०२०च्या नोव्हेंबरात दिवाळीच्या पाडव्याला सरकारने प्रार्थनास्थळं उघडली, पुन्हा बंद केली आणि पुढच्या वर्षी घटस्थापनेला उघडली. (आमच्या चर्चची दारं दोन्ही वेळा हिंदू मुहूर्तावर उघडली याची आमच्या पाळकसाहेबांना फार गंमत वाटायची.) उपासना सुरू झाली, पण प्रभुभोजनाचं काय करायचं ते कुणालाच कळेना. आमच्याकडे तोवर एकच प्याला होता. चांदीचा मुलामा दिलेला, आतून पिवळट. पुढे कठड्यापाशी गुडघे टेकायचे, पाळक प्रत्येकाच्या ओठांशी प्याला धरणार, पांढऱ्या रुमालाने कड पुसणार, प्याला थोडा फिरवून पुढच्याला देणार. पास्टोरेट कमिटीच्या बैठकीत कुणी म्हणालं, भाकर प्याल्यात बुडवून घेऊ. दुसरं कुणी म्हणालं, मग तुकडे पडतात आणि बोटंही बुडतात. मी तेव्हा कमिटीत नवीन होते, बँकेत बावीस वर्षं काढल्यामुळे मुद्दा झटकन संपवायची सवय. म्हणाले, ‘‘छोटे प्याले आणू या की. आजच्या काळात एकमेकांचं उष्टं कोण पिणार?’’ सगळे हसले. बाई हसल्या नाहीत एवढं मला दिसलं होतं. पण नऊ विरुद्ध दोन असा ठराव पास झाल्यावर न हसलेल्या माणसाकडे कोण बघतं.

माझ्या दृष्टीने त्यात नवीन काहीच नव्हतं. आम्ही अमेरिकन मराठी मिशनचे, नगरकडचे. माझ्या लहानपणी आमच्या चर्चमध्ये छोटेच प्याले असायचे. डीकन लोक, म्हणजे पाळकांना मदत करणारे, ट्रे घेऊन बाकाबाकाशी यायचे, आपण बसल्या जागी प्याला उचलून हातात धरून ठेवायचा आणि सगळ्यांना मिळाला की पाळकांच्या एका शब्दासरशी सगळ्या मंडळीने एकदम प्यायचा. आजीला वाटायचं, प्रभूने शेवटच्या भोजनाला माडीवरच्या खोलीत असेच छोटे प्याले मांडले होते. ही पद्धत अमेरिकेत १८९०च्या दशकात क्षयाच्या धास्तीने निघाली, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. बाईही नगरच्याच, पण एस.पी.जी.च्या, म्हणजे अँग्लिकन. एकाच शहरात चालत जाण्याच्या अंतरावर दोन चर्चं, दोघांची गाणी बरीचशी तीच, सोयरिकीही होत, पण ‘ते मिशनवाले’ आणि ‘ते एस.पी.जी.वाले’ हे बोलण्यात असायचंच. आम्ही म्हणायचो, यांचं सगळं उठबस आणि घंटा. ते म्हणायचे, यांना गुडघे टेकता येत नाहीत. मग २९ नोव्हेंबर १९७० या रविवारी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बाई तेव्हा विशीच्या. त्यांचे वडील म्हणाले होते म्हणे, ‘‘काल झोपलो तेव्हा अँग्लिकन होतो, आज उठलो तर बाप्तिस्टांचा भाऊ.’’ त्या एकीची बोलणी १९२९पासून चाललेली, म्हणजे एक्केचाळीस वर्षं. मेथॉडिस्टांची मोठी मंडळी शेवटच्या घटकेला बाजूला झाली ती झालीच. आणि जे आले ते आपापला बाप्तिस्मा घेऊन आले. तान्ह्या बाळाचा मानणारे आणि जाणत्याचाच मानणारे असे दोघंही एका छताखाली, दोन्ही पद्धती घटनेत लिहून. एक्केचाळीस वर्षं लागली ती यासाठीच असणार. आम्ही प्याल्याचा निकाल वीस मिनिटांत लावला.

मंडळी वाढत होती हेही खरंच. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा साठेक घरं होती, बहुतेक पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत लागलेली, नगर-जालन्याकडची. आता दोन उपासना होतात. सकाळच्याला पेटी, तबला, टाळ आणि उपासना संगीताचं पुस्तक. दहाच्याला कीबोर्ड, ड्रम, भिंतीवर शब्द. हिंजवडीत नोकरी करणारी, रांची-रायपूरहून आलेली पोरं हिंदी गाणी म्हणतात, हात वर करतात, डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करतात. गाण्यांवरून जे व्हायचं ते झालं. त्याबद्दल लिहायचा मला कंटाळा येतो, कारण प्रत्येक चर्चमध्ये तेच होतं आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्याकडेच झालं. एवढंच सांगते की सकाळच्या उपासनेतले एक आजोबा ‘आपली जुनी भजनं’ म्हणून ज्यांच्यासाठी भांडतात ती टिळकांची भजनं आहेत, आणि नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्याआधी आमच्या मंडळ्या बरंचसं इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवून गात होत्या. देवळाच्या चाली चर्चमध्ये आल्या तेव्हाही कुणाच्या तरी आजोबांनी पुस्तक मिटून ठेवलं असणार. बाक काढून खुर्च्या आणायच्या का त्यावरून झालं, कापणीच्या सणाच्या लिलावात भोपळा सहाशेला गेला त्यावरून झालं. चहात साखर किती यावरून तर दर रविवारी होतं.

प्याल्यांवरून मात्र काहीच झालं नाही. तेच मला खटकत होतं.

पुढच्या महिन्यात मी थांबले. बाईंनी काही विचारलं नाही, नुसता दुसरा टब माझ्याकडे सरकवला. दोनशेच्या वर प्याले विसळणं हे काय असतं ते केल्याशिवाय कळत नाही. प्याला अंगठ्याएवढा, घासणी आत जात नाही, फडकं करंगळीला गुंडाळून फिरवावं लागतं. तळाशी द्राक्षारस चिकटून बसतो. आमचा द्राक्षारस म्हणजे काळ्या मनुकांचं पाणी, आदल्या रात्री भिजवून, उकळून, कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळलेलं, वर थोडी साखर. तासभर राहिलं की गुळाच्या पाकासारखं होतं आणि मुंग्यांना कुठून बातमी लागते देव जाणे. बाईंचा क्रम ठरलेला. पहिलं पाणी पातेल्यात. दुसरं साबणाचं. तिसरं गरम. मग पंच्यावर उपडे, दहा-दहाच्या ओळीत, म्हणजे मोजायला बरं. पहिल्या दिवशी मी सवयीने प्याला सरळ साबणाच्या टबात बुडवला, तशी त्यांनी माझं मनगट धरलं. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत घालवलेल्या बाईने धरावं तसं. ‘‘पहिलं पाणी मोरीत जात नाही.’’ का, ते सांगितलं नाही. मला माहीत होतं. एस.पी.जी.वाल्यांकडे प्रभुभोजनातलं उरलेलं टाकत नाहीत. पाळक पिऊन टाकतात, प्याल्यात पाणी फिरवून तेही पितात, आणि काही सांडलंच तर ते मातीत जातं. आम्ही मिशनवाले. आमच्या लेखी ती एक आठवण, एक खूण, आणि उपासना संपल्यावर मनुकांचं पाणी हे मनुकांचं पाणी. आमच्याकडे उरलेला द्राक्षारस संडे स्कूलची पोरं संपवायची, कधी पैजा लावून. बाईंपुढे ते बोलले नाही. पातेलं घेऊन झाडाशी गेले. तेव्हाही रिमझिम चालू होती, आणि आपल्याला कुणी बघत तर नाही ना म्हणून मी मागे वळून पाहिलं.

मग दर पहिल्या रविवारी आम्ही दोघी. बोलणं फार नाही. मध्येच एखादा प्याला त्या उजेडाकडे धरायच्या. एकदा एकावर लिपस्टिकचा अर्धगोल, चांगला गडद, लग्नातला. तो माझ्यापुढे नाचवत म्हणाल्या, ‘‘हे बघ. एका प्याल्यात हे झालं असतं तर पुढच्याचं काय?’’ आणि स्वतःच खुदकन हसल्या. मला वाटलं, हरल्या का काय बाई. तसं काही नव्हतं. लगेच पुढे म्हणाल्या, ‘‘शास्त्रात, बायबलात, ‘प्याला’ आहे हं पण. ‘प्याले’ नाही.’’ मी म्हटलं, ‘‘एकमेकांसाठी थांबा असंही पौलाने लिहिलंय. तुमच्या पद्धतीत जो तो आपला पिऊन जागेवर जातो. आमच्याकडे सगळे हातात धरून थांबतात.’’ त्या जरा वेळ विसळत राहिल्या. ‘‘हो,’’ म्हणाल्या, ‘‘ते मला आवडतं. ते थांबणं.’’ हे मी त्यांच्याकडून अपेक्षिलं नव्हतं. खरं तर मीही तो मुद्दा जिंकण्यासाठी मांडला होता, आणि तो असा अलगद मान्य झाल्यावर हातात काहीच उरलं नाही. एक ओला प्याला उरला.

आजोबांची गोष्ट त्यांनी सांगितली ती बऱ्याच नंतर, २०२३च्या उन्हाळ्यात, तीही मुद्दाम नाही. नळाला पाणी नव्हतं, टँकरची वाट बघत आम्ही शेडमध्ये बसलो होतो आणि पाण्यावरून विषय निघाला. त्यांचे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले, महारवाड्यातले. गावच्या विहिरीवर जायचं नाही. आडावर कुणी येईपर्यंत उभं राहायचं, आलेल्याला दया आली तर तो वरून धार धरणार, खाली ओंजळ. तांब्या ओंजळीला लागता कामा नये. महाडच्या चवदार तळ्याच्या कितीतरी आधीच्या गोष्टी या. ते ख्रिस्ती झाले. पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला एक मास्तर होते, जातीने वरचे, आणि तोच प्याला मास्तरांच्या ओठांचा निघून आजोबांच्या ओठांना लागला. आजोबांचे दात प्याल्याच्या कडेवर वाजले, इतके ते थरथरत होते. ‘‘पण ते नाही सांगायचे ते सारखं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘ते सांगायचे पुढचं. सगळ्यांचं झाल्यावर गोऱ्या पाद्री साहेबाने प्याला घेतला, तळाशी उरलेलं सगळं प्यायला, मग त्यात पाणी घालून तेही प्यायला. आजोबा घरी येऊन आजीला म्हणाले, साहेब माझं उष्टं प्याला गं.’’

टँकर आला. बाई बादल्या घेऊन उठल्या.

मी तो शब्द दीड वर्षापूर्वी त्यांच्यासमोर वापरला होता आणि त्यावर सगळे हसले होते. त्यांनी त्याची आठवण करून दिली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मुद्दाम ऐकवलं असतं तर मला माफी मागता आली असती, मोकळी झाले असते. माझ्याच घरी तो शब्द कसा वापरला जातो ते मी त्यानंतर ऐकायला लागले. मुलगा माझ्या ताटातला पापड मोडून घेतो, त्याला आम्ही उष्टं म्हणत नाही. पाहुण्याने अर्धवट टाकलेला चहा म्हणजे उष्टा. बाळाच्या उष्टावणात तोच शब्द इतका लाडका होऊन येतो. माझे पणजोबा कुठले, कुठल्या आडावर उभे राहायचे, हे मलाही थोडंफार माहीत आहे. आमच्याकडे ते बोललं जात नाही एवढंच. आम्ही लवकर शिकलो, लवकर शहरात आलो, स्वच्छतेचे धडे गिरवले. आपापला पेला, आपापलं ताट, नावाचं आद्याक्षर कोरलेला तांब्या. आमच्या मिशनच्या शाळेत आरोग्याच्या तासाला पहिलं वाक्य हेच होतं. ओंजळीतून सुटलेल्या माणसाला स्वतःचा पेला मिळणं हीसुद्धा काही लहान गोष्ट नसणार. माझी आजी तिचा पितळी पेला कुणाला हात लावू द्यायची नाही. मला आता वाटतं, ती सोवळं पाळत नव्हती. पण मग काय करत होती ते मला सांगता येणार नाही.

छोट्या प्याल्यांचा ठराव चुकला असं मला आजही वाटत नाही. मंडळीत केमो चालू असलेली माणसं आहेत, दमेकरी आहेत, तान्ह्या बाळांच्या आया आहेत. पाळकसाहेबांनी मध्यंतरी सुचवलं की पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला तरी ज्यांना हवा त्यांना एक प्याला द्यावा, बाकीच्यांना छोटे. तसं केलंही. कठड्यापाशी पंधरा-वीस जण गेले, बाई पहिल्या. मी बाकावर बसून माझा छोटा प्याला धरून होते. जावं असं वाटलं होतं. शेजारी नवरा बसला होता, त्याला ओलांडून जावं लागलं असतं, हे कारण काही खरं नाही. मला कड पुसलेला तो रुमाल दिसत होता आणि माझ्या पोटात जे झालं ते माझं शास्त्र-बिस्त्र सगळं ठाऊक असूनही झालं. उपासनेनंतर बाईंनी दोन्ही धुतले, तो मोठा आणि हे सगळे. मोठ्याला त्यांनी मला हात लावू दिला नाही, आणि ते मला बरंच वाटलं.

आता नवीन प्रश्न आलाय. दोन्ही उपासना धरून प्याले पुरत नाहीत, ट्रेमधली चाळीसपैकी पाच-सहा भोकं कायम रिकामी, कारण फुटलेल्याच्या मापाचा प्याला बाजारात मिळत नाही. दहाच्या उपासनेतल्या मुलांचं म्हणणं, वापरून टाकायचे प्लास्टिकचे मागवू, सोबत सीलबंद बिस्किटाचा तुकडासुद्धा येतो, धुवायची कटकटच नको. त्यांनी हिशेब करून आणलाय, पीपीटी आहे, आणि हिशेब बरोबर आहे. मी बँकेतली, मला तो दोनदा तपासूनही त्यात चूक सापडली नाही. तीन वर्षांपूर्वी पहिला हात मीच वर केला असता. पुढच्या महिन्यात बैठक आहे. काय बोलायचं ते मी ठरवलेलं नाही. ‘धुवायला मजा येते’ हा काही मुद्दा होत नाही, आणि खरं तर मजा येतही नाही, कंबर धरते.

बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तीन महिने बसणं बंद. गेल्या पहिल्या रविवारी मी एकटीच टब मांडत होते तर रांचीकडचा एक मुलगा, तोच, पीपीटीवाला, बाह्या सरसावत आला. ‘‘आंटी, मैं करता हूँ.’’ हाताला वेग चांगला होता. पहिले पन्नास प्याले झाले आणि त्याने पातेलं उचलून मोरीकडे कलतं केलं. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘अरे रुको, उधर नहीं.’’ तो थांबला. क्यों, म्हणाला. माझ्या मोडक्या हिंदीत मी सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला अडकले, कारण जे सांगायला निघाले होते ते मी मानत नाही. शेवटी म्हटलं, ‘‘बाई का रूल है.’’ हे कारण त्याला एकदम पटलं. गेला झाडापाशी. ऊन रणरणत होतं, जमिनीला भेगा होत्या, पाणी टाकताक्षणी जिरलं. तो तिथे जरा वेळ तसाच उभा राहिला. काय बघत होता कोण जाणे.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. किती भरले, किती फुटले, पंचे वाळले का. सगळं सांगितलं. ‘‘आणि पहिलं पाणी?’’

‘‘झाडालाच घातलं. त्या मुलाने घातलं.’’

‘‘बुंध्याशी घातलं असेल त्याने. त्याला सांग, थोडं लांब घालत जा. पाणी ओढणारी मुळं तिथे असतात.’’